बाबांच्या व्हॅनसाठी कार्ड

मंगळ., १८ फेब्रु.

सापडलं. कॅमेऱ्यात काहीच का नव्हतं ते सापडलं. रागावू की हसू ते नंतर ठरवीन.

आज क्लासमध्ये शेवटची बॅच शिकवून झाल्यावर तिथला कार्ड रीडर मागून घरी आणला. बाबांच्या व्हॅनमधल्या कॅमेऱ्याचं कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. उघडलं तर हळदीची गाणी. 'हळद नवीन', 'हळद जुनी', 'डीजे हळद', 'भजन', आणि एक फोल्डर 'पप्पा स्पेशल', तो मी उघडला नाही. कार्ड काठोकाठ भरलेलं. कॅमेऱ्याने रेकॉर्ड करायचं कुठे?

बाबांना विचारलं.

"कार्ड आनायला तूच पाठवलंस ना? निल्याला सांगितलं, भरून दे."

"भरून कशाला?"

"मंग रिकामं आनायचं?"

खरंच त्यांना कळत नव्हतं मी काय विचारतेय ते. आमच्याकडे शेजारचा डबासुद्धा रिकामा परत जात नाही, काही नाही तर चिमूटभर साखर घालतात. निलेशच्या मोबाईलच्या दुकानातून आजवर कुणी रिकामं कार्ड नेलेलं नाही. कॅमेरा रोज सकाळी टिंग करायचा. बाबांना वाटायचं, सुरू झाला. तो बिचारा सांगत होता, जागा नाही.

आणि गेल्या गुरुवारी पुलाजवळच्या वळणावर डंपर अंगावर आला. बाबांनी शाळेच्या पोरांनी भरलेली व्हॅन रस्त्याखाली शेतात उतरवली. बाकी सगळी ठीक, आर्याच्या कपाळाला खोक पडली. आर्या सांगते, काकांचा हात कानाला होता. बाबा सांगतात, मफलर सारत होतो. गावभर झालं की बाबा फोनवर होते. असं काही झालं तर दिसावं म्हणून मी पहिल्या पगारातून कॅमेरा घेतला, त्याच्यात हळद.

पण कारण कळलं. कारण कळलं की पुढचं जमतं. परवा पालकांची सभा आहे.


गुरु., २० फेब्रु.

सभा शाळेच्या व्हरांड्यात. वैशालीताई, म्हणजे आर्याची आई, सरळ बोलल्या. "दुसरी व्हॅन हाय. आमी पोरं तिच्यात घालू. रोज जीव मुठीत धरून कोन बसनार घरी?"

बाबा खांबाला टेकून उभे. फक्त एवढंच बोलले, "मी फोनवर नव्हतो." मागून कुणीतरी, "सगळे तेच बोलतात."

मी उठले. ठरवलं नव्हतं. म्हटलं, होळीपर्यंत मुदत द्या. मी नवीन कार्ड घालते. होळी झाली की याच व्हरांड्यात सगळं रेकॉर्डिंग लावते, आवाजासकट. कुठला दिवस बघायचा ते तुम्ही सांगायचं, मी नाही.

वै.ताई: "आनि परत गानी निघाली तर?"

सगळे हसले. हळदीची बातमी माझ्या आधी पोचली होती. मी म्हटलं, तर पोरं दुसऱ्या व्हॅनमध्ये घाला. बाबा एक शब्द बोलणार नाहीत.

कबूल झालं. शनिवार, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी.

घरी अंगणात गाडी लावल्यावर बाबा म्हणाले, "माझ्या तोंडचं तूच बोलून टाकलंस."

आई आतून: "शिकवलीत ना? आता ऐका."

रविवारची पर्यटकांची भाडी बाबांना मिळतातच. पण शाळेचा मार्ग गेला तर फक्त मार्ग जाणार नाही. तो कशामुळे गेला ते गाव लक्षात ठेवील.

आता कार्ड. असं कार्ड जे दगा देणार नाही.


शुक्र., २१ फेब्रु.

दिवसभर हेच वाचलं. क्लासमधली मुलं एक्सेल करत होती, मी कार्ड करत होते.

संध्याकाळी श्रद्धाला फोन. कॉलेजची मैत्रीण, आता खालापूरला एका कंपनीत कामगारांच्या बसगाड्यांचं बघते. त्यांच्या सगळ्या बसना कॅमेरे आहेत. ती म्हणाली, "साधं कार्ड घालू नको गं बाई, चार महिन्यांत मरतं, आणि मेलंय ते सांगतही नाही."

कारण इतकं साधं आहे की मला आधी सुचायला हवं होतं. मोबाईलमधलं कार्ड म्हणजे फोटो ठेवायचे आणि बघत बसायचं. कॅमेऱ्याचं कार्ड अखंड लिहीत असतं. भरलं की सगळ्यात जुनं पुसून त्याच जागेवर नवीन. पुन्हा भरलं, पुन्हा पुसलं. बैलगाडीसाठी बांधलेल्या आपल्या गावरस्त्यावरून रोज डंपर न्यायचे, तसं होतं ते. म्हणून त्यासाठी वेगळी जात असते, पाकिटावर 'एन्ड्युरन्स' लिहिलेलं असतं. शिवाय ऊन. काचेमागे मार्चमध्ये भाकरी भाजेल. शिवाय कॅमेऱ्याच्या पत्रकात जेवढं मोठं चालतं लिहिलंय त्याहून मोठं घ्यायचं नाही. पत्रक आईने पिठाच्या डब्याखाली घातलं होतं. मिळालं. १२८ जीबीपर्यंत.

किती दिवसांनी काहीतरी शिकतेय असं वाटलं. पदवीच्या तीन वर्षांत एवढं खोदून काही वाचलं नव्हतं.


शनि., २२ फेब्रु.

निलेशच्या दुकानात. शाळेत माझ्या मागच्या बाकावर असायचा, अजून तसाच बोलतो.

"हे बघ, पाचशे बारा जीबी. तुझ्या बाबांची सगळी व्हॅन मावंल याच्यात."

"तपासून बघते."

"तपासायचं काय? लिवलंय ना वर?"

"वर मीपण लिहीन."

लॅपटॉप नेलाच होता. एक फुकटचा प्रोग्रॅम आहे, तो कार्ड शेवटपर्यंत भरतो आणि मग भरलेलं परत वाचून बघतो. बराच वेळ सगळं बरोबर आलं. नंतर कचरा. म्हणजे कार्ड खरं छोटंच, फक्त मोठं असल्याचं सांगतं. त्याच्यापुढे जे टाकाल ते घेतल्यासारखं करतं आणि ठेवत नाही.

नि. आधी चिडला. "तुझा लॅपटॉपच बिघडलाय." मग दुसरं दिलं. मग तिसरं. मग सगळा ट्रेच काउंटरवर ठेवला. गिऱ्हाइकं थांबलीयत आणि आम्ही दोघं टकाटका पडद्याकडे बघतोय, निकाल लागायचा असल्यासारखे. छोटी कार्डं बहुतेक खरी निघाली. मोठी सगळी खोटी.

मी एवढी खुश होते, की नि. बोलायचा थांबलाय हे उशिरा लक्षात आलं.

"ताईच्या लग्नाचे फोटो यातल्याच एका कार्डावर हायेत," तो म्हणाला. "मीच दिलेलं."

शटर अर्धं ओढून घरी गेला. संध्याकाळी मेसेज: मेंदीपर्यंत उघडतात. पुढचे नाय.

उद्या त्याच्याकडे जाऊन जे वाचतं ते वाचवायला मदत करीन.


रवि., २३ फेब्रु.

घेतलं कार्ड!

सकाळी नि.च्या घरी बसून मेंदीपर्यंतचे फोटो लॅपटॉपवर काढून ठेवले. मग बाबांबरोबर खोपोली. डोंगरावरून वीजघराचे पाइप उतरतात, त्या बाजूला एक मोठं दुकान आहे, श्रद्धाने सांगितलेलं. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला तो, "कॅमेरा कुठला? पत्रक आणलंय?" मी पिशवीतून काढून दाखवलं. पीठ लागलेलं. पाकीट बंद, बिल पक्कं, वर 'एन्ड्युरन्स'. १२८.

बाबा बाहेर गाडीला टेकून उभे. "एवढ्याशा नखाएवढ्या वस्तूसाठी खोपोली?"

घरी आल्यावर तपासणी. कार्ड भरत गेलं, भरत गेलं. दुपारची जेवणं झाली, भांडी झाली, आईने दोनदा विचारलं, "अजून जेवतंय का ते?" मग परत वाचून बघणं. संध्याकाळी निकाल. एकही चूक नाही. मी आईला उचलायला गेले, तिने मला हाकललं.

मग कार्ड कॅमेऱ्यात घालून कॅमेऱ्यातूनच फॉर्मॅट केलं. लॅपटॉपवर नाही, हेही वाचलेलं. बाबांना दाखवलं, रिकामं आहे, आणि रिकामंच राहणार.

"गनपतीचं एक तरी?"

"नाही."

"देवाचंबी नाय?"

"बाबा."

"बरं."


मंगळ., २५ फेब्रु.

दोन दिवसांचं रेकॉर्डिंग बघितलं. बघतच बसले.

आयुष्यभर बाबांच्या शेजारच्या सीटवरून रस्ता बघितला, बाबांच्या जागेवरून कधी नाही. प्रत्येक वळणाआधी हॉर्न. वळण दिसायच्या आधी. प्रत्येक घरासमोर गाडी पूर्ण थांबते, पोर चढतं, दार लागल्याचा आवाज, मग बाबा म्हणतात, "बसली ना गं सगळी?" आणि मागून एका सुरात, "हो." मगच गिअर. रोज असंच करतात की कॅमेरा आहे म्हणून? आईला विचारलं. मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "तू लहान होतीस तवा तुलाबी असंच विचारायचे. सायकलवर."

आवाज स्वच्छ. नंबरप्लेट वाचता येते. आज त्या वळणावर डंपर समोरून आलेला, तोही दिसतो. हे आता हरवणार नाही.

दुपारी पोरांना सोडायच्या वेळेला बाबांना फोन केला, लाल लाईट लागतेय का. लागतेय.


रवि., २ मार्च

आज फजिती. बाबा मुंबईच्या लोकांना लेणी बघायला कोंडाण्याला घेऊन गेले. परत आल्यावर कार्ड बघते तर निम्मं कार्ड कुलपात. धक्का बसला की अपघात झाला असं समजून कॅमेरा तेवढा तुकडा राखून ठेवतो, तो नंतर पुसत नाही. कोंडाण्याच्या रस्त्यावर त्याला दर खड्ड्यात अपघात दिसला. असेच राखत गेला तर शाळेच्या दिवसांना जागा उरणार नाही.

बाबा खो-खो हसले. "त्याला सांग, हा रस्ताच हाय."

धक्क्याची जाणीव सगळ्यात कमीवर ठेवली. राखलेले तुकडे मोकळे केले. मुख्य म्हणजे वेळेत कळलं. होळीला अजून अवकाश आहे. हल्ली रोज एकदा तरी फोन करून विचारते, चालू आहे ना. बाबा कंटाळलेत, पण सांगतात.

नि.ने दुकानात पाटी लावलीय: कार्ड तपासून मिळेल. खाली बारीक अक्षरात: गाणी पण.


शुक्र., ७ मार्च

लिहावं की नाही.

कालचं, गुरुवारचं दुपारचं रेकॉर्डिंग बघत होते. कळंबच्या फाट्याच्या पुढे, सरळ रस्ता, मागे पोरं भांडतायत. फोन वाजतो. बाबांचा. वाजत राहतो. मग बाबांचा आवाज:

"हां मने, बोल... हां हां, लागतंय लाल... नाय गं, बंद नाय पडला."

मागून आर्या: "काका, मम्मीने सांगितलंय ना फोन नाय घ्यायचा."

"अगं, माझी पोरगी हाय ती. तिचा घ्यावा लागतो."

मग मला: "ठेव आता, पोरं हायेत."

समोरून एक बाईक जाते. बाकी काही होत नाही. वेग तेवढाच.

तीनदा ऐकलं. रोज त्याच वेळेला मीच फोन करतेय. ती पोरांना सोडायची वेळ आहे हे मला माहीत आहे. कॅमेरा चालू आहे का हे विचारायला मी गाडी चालवणाऱ्या माणसाला फोन करतेय, आणि हे मला आज, पडद्यावर ऐकल्यावर कळतंय. बाकीचे दिवस उघडले. बहुतेक वेळा ते घेत नाहीत, गाडी थांबवून नंतर करतात. दोनदा घेतलाय. काल आणि आधी एकदा.

आणि मी सगळ्यांसमोर म्हटलंय, कुठलाही दिवस.


शनि., ८ मार्च

सकाळी बाबांना ऐकवलं. अंगणात, गाडी धुवून झाल्यावर. ऐकताना पाइप हातात तसाच, पाणी पायावर.

"मंग? तू करतेस, मी घेतो. नाय घेतला तर संध्याकाळी तोंड फुगवतेस."

खरं आहे. मग मला जे विचारायचं नव्हतं ते विचारलं. त्या दिवशी? वळणावर?

बाबांनी नळ बंद केला. "त्या दिवशी तू पनवेलला भरतीच्या परीक्षेला होतीस. तुझा फोन तिकडं जमा. मला दुसरं कोन फोन करतंय गं?"

आत निघून गेले.

मला वाटलं होतं खरं काय ते कार्ड सांगेल. हे कुठल्या कार्डावर नाही. पण मला पटलं. लगेच पटलं. वैशालीताईंना कसं पटावं?


सोम., १० मार्च

नि.ला सांगितलं. सांगायला नको होतं, पण पोटात राहिना.

"यात काय एवढं? तूच बोललीस ना, भरलं की कॅमेरा जुनं आपोआप पुसतो. तुला कायच करायचं नाय. गप बस. धुळवडीपर्यंत गुरुवार गेला."

हिशोब बरोबर आहे त्याचा. मी कशालाही हात लावायचा नाही, काही पुसायचं नाही, खोटं बोलायचं नाही. रोज गाडी चालली की रोजचं नवीन गुरुवारवर बसत जाईल. शनिवारी कुणी म्हणालं गुरुवार दाखव, तर म्हणायचं, एवढं मागचं राहत नाही. तेही खरंच.

पण मग नि.च्या त्या कार्डांत आणि माझ्यात फरक काय? तीही घेतल्यासारखं करतात आणि ठेवत नाहीत.

घरी आले. कार्ड काढलं. गुरुवारचा तो तुकडा, आणि आधीचा एक, दोन्ही लॅपटॉपवर उतरवले. बाबा ओट्यावर बसून बघत होते. काय करतेस विचारलं नाही. मी पण सांगितलं नाही, पण त्यांना कळलंय. जेवताना मला वाढलं नाही, आईला म्हणाले तू वाढ तिला.

फोन करणं बंद केलंय. दुपारी हात शिवशिवतो.


गुरु., १३ मार्च

होळी. पोरं लाकडं गोळा करत फिरतायत, बाबांनी व्हॅनमधून दोन फेऱ्या मारून दिल्या. आर्या पुढे बसून ऑर्डर सोडत होती. कपाळावर बारीक पांढरी रेघ राहिलीय.

बाबांच्या बाकीच्या सगळ्या दिवसांची रेकॉर्डिंगं मी पाहिलीत आता. एकदाही घाईने वळण घेतलेलं नाही. एकदाही "बसली ना गं सगळी" विसरलेले नाहीत. बाबांबद्दल कुणी विचारलं तर मी तासभर बोलेन. पण पालकांना ती दोन मिनिटं ऐकवावी लागणार आहेत, आणि ती माझ्यामुळे झालेली.

तरी एक सांगू? भीती वाटतेय आणि तरी शनिवार कधी येतो असं झालंय. काहीही लपवलेलं नाही. असं उभं राहून बघायचंय एकदा.

बाबा अजून नीट बोलत नाहीत.


शनि., १५ मार्च

बैठक चारला. आता तीन वाजलेत, घाईत लिहितेय.

लॅपटॉप चार्ज झाला. क्लासमधला छोटा स्पीकर घेतलाय. कार्ड व्हॅनमध्येच, तिथे सगळ्यांसमोर काढणार. दोन तुकडे वेगळे, लॅपटॉपवर.

सकाळी वै.ताई रस्त्यात भेटल्या. "तयारी झाली का गं?" म्हटलं, झाली. "कुठला दिवस ते तिथंच सांगू आमी." म्हटलं, हो, तसंच ठरलंय. मी काय बोलायचं ते शंभरदा घोकलंय. आधी त्यांना दिवस निवडू द्यायचा, तो दाखवायचा, आणि मग शेवटी, त्यांनी विचारलं नाही तरी, दोन्ही तुकडे. की विचारलं तरच? इथेच अडकतेय. शेवटी म्हणावं तर तोवर बाबांवर त्यांचा विश्वास बसलेला असेल, आणि मग ऐकवणं सोपं जाईल. सोपं जाईल म्हणून शेवटी ठेवतेय का मी?

बाबांनी रंग लागलेली गाडी परत धुतली. कालच्या धुळवडीचा गुलाबी रंग सीटवर अजून थोडा आहे. इस्त्रीचा शर्ट घालून आत आले, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. आठवड्यात पहिल्यांदा.

"मने, गुरवारचं पयलं लाव."

मी स्पीकरची वायर खाली ठेवली.

"आधी ते ऐकू दे त्यांना. मी सांगतो, फोन घेतला तो चुकलं. मंग वळनावरचं सांगतो. मंग त्यांना जो दिवस बघायचा तो बघू दे."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर नाय बोलतील." खिशातून कंगवा काढून केस सारखे केले. "पन या टायमाला माझ्या तोंडचं मी बोलनार. तू फक्त बटन दाब."

आई विचारतेय, चहा घेऊन जाताय की तसेच? बाबांनी गाडी चालू केलीय. कॅमेऱ्याने टिंग केलं, लाल लाईट लागली. निघते.